तीनाची सभा

भर दुपारी बारा वाजता म्हाळूनं चावडीपुढं हलगी वाजवून दवंडी दिली. गावाला सरकारी फोन मिळालाय, तो कुठं बसवायचा ते आज तीन वाजता ग्रामसभेत ठरणार. ऐकायला समोर दोन कुत्री होती. त्यातलं एक झोपलेलं.

सगळं गाव ज्वारीच्या काढणीला रानात गेलेलं. सरपंच सुंदररावांना हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी दवंडीला बाराची वेळ धरली होती. एकदाच द्यायची आणि चावडीपुढंच द्यायची, असंही बजावलं होतं. फोन त्यांच्या ओसरीवर बसायचा होता आणि ग्रामसेवकानं तसा ठराव सकाळीच लिहून ठेवला होता.

म्हाळू हलगी खांद्याला लावून बद्रीनाथच्या रानाकडं निघाला. काढणीला हलगी लागतेच. तिच्या ठेक्यावर चाळीस माणसं तळहातांना चिंध्या गुंडाळून ओळीनं आपली पात, म्हणजे वाट्याचा पट्टा, उपटत पुढं सरकतात. ठेका चढला की हात चढतात, ठेका बसला की हात बसतात.

वाटभर त्याच्या मनात सत्यभामा होती. त्याची एकुलती लेक नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेलेली, पार कोल्हापूरकडच्या कारखान्याला. पोटुशी, आठवा महिना लागलेला. गावात फोन आला तर कारखान्याच्या हापिसात निरोप देता येणार होता, मुकादम तिला फडातून बोलावून आणणार होता. पण सुंदररावांच्या ओसरीखाली म्हाळूनं तीस वर्षं उभं राहून हुकूम ऐकले होते. वर पाय कधी ठेवला नव्हता. तिथल्या फोनवरून लेकीला हाक कशी मारायची?

रानात त्यानं चार चिपाडं पेटवली, हलगी शेकली आणि ओळीपुढं उभा राहिला. दुसऱ्यांदा दवंडी द्यायला त्याला मनाई होती. गाण्याला मनाई कुणी केली नव्हती.

आज तीनाच्या ठोक्याला
चावडीम्होरं सभा गं,
फोन येणार गावाला
कुठं ऱ्हाईल उभा गं.

ओळीच्या टोकाला भिवराबाई होती. काढणीतली सगळी गाणी ती उचलून धरायची. तिनं हेही उचललं आणि दोन ओळी गेल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हाळू, हे गाणं कंच्या देवाचं रं?"

"ग्रामपंचायतीचं."

हसू ओळभर फिरलं. मग म्हाळूनं ओसरीचं सगळं सांगितलं आणि हसू थांबलं. ओळीतल्या छबुबाईची लेकही सत्यभामेच्याच कारखान्यावर होती. छबुबाई तिथूनच तडक निघाली. बांधावरून बद्रीनाथ धावत आला. अर्धी पात टाकून जाल तर उरलेलं पाखरं खातील, असं काकुळतीला येऊन सांगू लागला. त्याचंही खरं होतं.

भिवराबाईनं छबुबाईला माघारी ओढलं, पदर खोचला आणि म्हणाली, "पात पुरी करूनच जातो. म्हाळू, चढव."

म्हाळूनं हलगी चढवली. अशी की पलीकडच्या शिवारातल्या माणसांनी माना वर केल्या. ज्वारीची ताटं भराभर आडवी पडत गेली, धूळ उडाली, गाणं धापा टाकू लागलं तरी कुणी सोडलं नाही. शेवटी धोतराचा काचा मारून बद्रीनाथ स्वतः ओळीत घुसला. पात संपली तेव्हा घाम पुसायलाही कुणी थांबलं नाही. सगळेच निघाले. बद्रीनाथही.

चावडीवर सुंदरराव, ग्रामसेवक आणि चार माणसं चहा पीत होती. धूळ आधी आली, मग माणसं. सुंदररावांनी कपबशी खाली ठेवली.

"म्हाळ्या, दवंडी कुठं दिली बे?"

"चावडीपुढं दिली की, मालक. अन् मंग माणसं व्हती तितं बी."

ग्रामसेवकानं हळूच वहीचं पान उलटलं आणि कोरं काढलं. फोन कुठं बसवायचा, असं त्यानं सगळ्यांना विचारलं. ईश्वरप्पाच्या पिठाच्या चक्कीवर, असं भिवराबाईनं सांगितलं. सुंदरराव हसले. त्या खडखडाटात कुणाला काय ऐकू जाणार, असं त्यांनी विचारलं, आणि विचारलं ते काही चुकीचं नव्हतं.

"चक्कीत आमी वरडूनच बोलतो, सरपंच," भिवराबाई म्हणाली. "तुमच्या ओसरीवर आमचा आवाजच फुटत न्हाई."

ग्रामसेवकानं हात वर करायला सांगितले. चिंध्या गुंडाळलेले हात वर गेले, मागं उभ्या ईश्वरप्पाचा पिठानं पांढरा झालेला हात वर गेला. बद्रीनाथनं सुंदररावांकडं पाहत खांद्यापर्यंत नेला, मग पुरा वर केला. सुंदररावांनी सगळ्या हातांवरून एकदा नजर फिरवली.

"लिव्हा," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "चक्की."

दिवस अजून कासराभर वर होता. चक्की चालू होती. फोन यायला महिना लागणार होता, तरी ईश्वरप्पानं आपल्या पिठाच्या बोटानं भिंतीवर एक चौकोन काढला आणि इथं बसवू म्हणाला.

म्हाळू त्या चौकोनापुढं जाऊन उभा राहिला. इकडंतिकडं पाहिलं. मग मूठ कानाला लावली आणि चक्कीच्या वर आवाज काढून ओरडला, "सत्यभामे, मी तुजा बा बोलतो. खाती का नीट?"

त्याच्यामागं छबुबाई डोक्यावरचं दळण खाली ठेवून उभी राहिली. तिच्यामागं आणखी चारपाच जणी.

"आवर की, म्हाळूदादा," छबुबाई म्हणाली. "आमच्या बी लेकी हायेत तितं."