चवीपुरतं मीठ

"आज शेवटचा दिवस," नवऱ्यानं कूपन टेबलावर ठेवलं. "एका ताटावर दुसरं ताट फुकट. उद्या आलो असतो, तर हात हलवत परत."

बाईंनी चष्मा पुसून कूपन पाहिलं. घडी नेमकी तारखेवर पडली होती आणि आकडे झिजून गेले होते. शिंप्याच्या खिशात कागद राहिला की त्याचं फडकंच होतं, असं म्हणून त्यांनी ते त्याच्याकडे सरकवलं. शाळेतलं शिकवणं सुटून बरीच वर्षं झाली होती, तरी सगळा गाव त्यांना बाईच म्हणायचा. नवराही. तो थट्टेनं म्हणायचा, एवढंच.

एरवी त्यांनी कूपनावरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्या. आज ते सुचलंच नाही.

सकाळी पहिलाच घास घेऊन तो बोलून गेला होता, "भाजी अळणी आहे गं." लगेच जीभ चावून त्यानं वरून मीठ घेतलं आणि कालवलं. आता चाखून काय कळणार, कपाळ! मीठ घातल्याचं बाईंना लख्ख आठवत होतं. चमचा, बरणी, झाकण. पण ते आजचं आठवत होतं की कालचं?

त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी मीठ विसरली. मग गॅस. मग लेकीचं नाव.

"हे बघ," तो म्हणाला होता, "माझीच जीभ कामातून गेली असेल. चल, बाहेर जेवू आणि सोक्षमोक्ष लावू. तिथंही मला अळणी लागलं तर दोष माझा."

"आणि नाही लागलं तर?"

त्यानं चपला पायात सरकवल्या होत्या.

आठ टेबलांचं छोटंसं हॉटेल होतं. मालकीण स्वतःच वाढत होती. तिनं न विचारता बाईंपुढे कोमट पाणी ठेवलं. थंड पाणी बाईंच्या दातांना झोंबायचं. मालकिणीला माणसं ओळखता येतात हो, असं त्यांना वाटलं आणि जरा बरं वाटलं.

ते फार वेळ टिकलं नाही. सूप आलं ते गार, वर साय धरलेलं. मासा कोरडा ठणठणीत. बटाटे खडूसारखे. एका ताटावर एक फुकट का देतात, ते कळलं. पण बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या नवऱ्याच्या चमच्याकडे बघत होत्या. चमचा वर गेला, तोंडात गेला. तो बराच वेळ गिळेना.

"बोला की!"

"शी!" तो म्हणाला. "मीठ कुठं आहे यात?"

बाईंनी त्याचीच वाटी ओढली आणि एक चमचा घेतला. मग दुसरा. घाई नको म्हणून पाण्याचा घोट घेऊन तिसरा.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या.

"छे, नावालाही नाही."

"अहो, चांगलं चवीपुरतं आहे!" त्यांनी मालकिणीला हाक मारली. "सुपात मीठ घातलंय ना?"

"घातलंय की, बाई." मालकीण बोलली बाईंशी, पण बघत होती त्याच्याकडे. "आमचं मीठ नेहमीचंच."

बाईंना हसू फुटलं. डोळ्यांतही पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. उरावरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. "तुमची जीभ गेली, अहो! तुमची!"

"गेली तर गेली," तो म्हणाला. "बटण लावायला जीभ कुठं लागते?"

"उगाच माझ्या जिवाला घोर लावलात सकाळपासून."

"चुकलो, बाई. अंगठे धरून उभा राहू का?"

त्यांनी मासा संपवला, बटाटे संपवले, त्याच्या ताटातलेही दोन उचलले. इतकं बेचव जेवण त्या किती तरी दिवसांत इतक्या चवीनं जेवल्या नव्हत्या. तो रुमाल तोंडाला लावून हात धुवायला गेला. कूपन तेवढं आठवणीनं उचलून खिशात टाकलं त्यानं. किती विसरभोळा माणूस, द्यायचं कूपन परत खिशात!

बाई गल्ल्यापाशी गेल्या. "राग मानू नका हं. सूप गार होतं आणि माशात काही राम नव्हता," त्या म्हणाल्या. शिक्षिकेला खोटी शाबासकी देता येत नाही. "पण आज तुमचे फार उपकार झाले. अभिप्रायाची वही आहे ना? दोन ओळी लिहिते."

मालकिणीच्या दोन्ही हातांत उष्टी ताटं होती. "थांबा बाई, मी पान काढून देते," ती घाईघाईनं म्हणाली. "एवढी ताटं ठेवते आणि आलेच."

"मला का वही उघडता येत नाही?" बाई हसल्या. गल्ल्याच्या कोपऱ्यात वही दिसतच होती. त्यांनी ती ओढून घेतली. वही मध्येच कुठं तरी उघडू नये, पहिल्या पानापासून उघडावी, हे त्यांनी जन्मभर मुलांना शिकवलं होतं.

पहिल्या पानावर त्यांचंच अक्षर होतं, शिरोरेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ. 'आज कूपनच्या शेवटच्या दिवशी जेवायला आलो. सूप गार, मासा कोरडा. पण मीठ व्यवस्थित होतं. माझी चूक नव्हती.'

त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या पानावरही तेच होतं, तिसऱ्यावरही, दहाव्यावरही. फक्त शिरोरेघ पानागणिक वाकडी होत गेली होती.