रविवारची पोच

अनोळखी कॉम्प्युटरवरून साइन-इन. रविवार, सकाळी अकरा चाळीस. घाटकोपर पूर्व.

कोर्सच्या माहितीपत्रकात: परीक्षा नव्वद मिनिटांची. अनुभवाची अट नाही.

सम्यकला जाऊन सात महिने झाले होते.

“भूत मेल बघतं होय गं?”

मनालीने हसत विचारलं आणि लगेच जीभ चावली. “सॉरी यार.”

शनिवार होता. कॉलेजच्या लॅबमध्ये संघमित्राने तिच्यापुढे फोन धरला होता. मेलेल्या भावाच्या मेल खात्यात दर रविवारी कुणीतरी शिरत होतं. इशारा संघमित्राच्या फोनवर यायचा, कारण सम्यकने खात्याला तिचा नंबर जोडून ठेवला होता.

सायबर सुरक्षेच्या पहिल्या सर्टिफिकेटसाठी तिला सोमवारपर्यंत नाव द्यायचं होतं. कोर्स दोन, वेळ एकच. एकात दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये कसं घुसायचं ते शिकवत. दुसऱ्यात नुसत्या नोंदी वाचायच्या. कोण आलं, कधी आलं, किती वेळ थांबलं.

“घुसायचाच घे,” मनाली म्हणाली. “दुसरा म्हणजे वॉचमनची वही.”

संघमित्रालाही घुसायचंच होतं. तो जो कोण होता, त्याला तिला पकडायचं होतं. लॅबच्या शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या, “आधी खात्याच्या नोंदी तरी वाच.” तिने वाचल्या नाहीत. दादाचं खातं आतून बघायची तिची छाती झाली नाही. आपल्या नंबरवर कोड मागवून तिने फक्त पासवर्ड बदलला.

रविवार. अकरा पंचेचाळीस. फोनवर कोड आला. कुठेतरी कुणीतरी ‘पासवर्ड विसरलो’ दाबलं होतं. पुन्हा कोड. पुन्हा. विक्रोळीच्या घरात ती एकटी होती आणि दार वाजतंय असं तिला वाटत होतं. तिने फोन उशीखाली दाबला. पाचव्या कोडनंतर सगळं थांबलं.

दीड वाजता पप्पा आले. शिवदास दर रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून विहारात वंदनेला जात. आज ते चपला न काढताच खुर्चीत बसले.

“काय झालं?”

“आज सम्यकने दार उघडलं नाही.”

“कुठलं दार?” तिने विचारलं.

“वंदना झाली की घाटकोपरला जातो मी. सायबर कॅफेत. तिथला श्यामसुंदर कॉम्प्युटर लावून देतो. पासवर्ड सम्यकनेच पाठ करून घेतलेला माझ्याकडून. आज चालेना.”

“पण तिथे करता काय तुम्ही?”

“पोच देतो. चौतीस वर्षं कंपनीत आवक-जावक सांभाळली. पत्र पडून राहिलं की समोरचा वाट बघत बसतो गं. त्याला पत्रं येतात ना अजून.”

तिने त्यांच्यासमोर खातं उघडलं. जाहिराती. नोकऱ्या. मोबाइलच्या ऑफर. गेल्या रविवारपर्यंतचं न वाचलेलं एकही नव्हतं. मशीनने पाठवलेल्या प्रत्येक पत्राला मराठीत एकेक उत्तर गेलेलं होतं. मग तिने नोंदी वाचल्या. एकोणतीस रविवार, एकच जागा, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटं. वंदना सुटल्यानंतरची वेळ.

नवा पासवर्ड तिने कागदावर लिहून दिला. शिवदासांनी तो ओठ हलवत पाठ केला आणि कागद परत केला.

“तूच बदललेलास?”

“हो.”

“मग बरं,” ते म्हणाले. चपला काढायला वाकले, ते बराच वेळ वर झाले नाहीत.

सोमवारी तिने नोंदी वाचायच्या कोर्सला नाव दिलं. मनाली म्हणाली, “वेडी आहेस तू.”

सम्यकला जाऊन नऊ दिवस झाले होते, तेव्हा त्याच्या खात्यात एका परीक्षा संस्थेचं पत्र आलं होतं: सायबर सुरक्षेच्या प्राथमिक परीक्षेचा आपला अर्ज अर्धवट आहे. शिवदासांनी त्याच रविवारी उत्तर पाठवलं होतं: अर्जदार वारला. त्याची बहीण कॉलेजात आहे. तिला विचारून कळवतो.