हळदीतली एंट्री

“ताई, गॅस मारताना घाबरता आनि गाडी वर गेली की ब्रेक विसरता. सगळं उलटं चाललंय तुमचं!” रूपेश ओरडला.

रंजिताने अंगठ्याने पुन्हा गॅस दाबला. चार चाकांच्या क्वाड बाईकची पुढची दोन्ही चाकं वीतभर उचलली आणि धप्पकन खाली आली. दातावर दात आपटले. तिने लगेच गाडी वळवून परत सुरुवातीच्या चुन्याच्या रेघेवर आणली. बसल्या जागी तिचा पाय हलतच होता.

उलव्याच्या पुढे, मिठागर बुजवून केलेल्या मोकळ्या मैदानावर रूपेशच्या क्वाड बाईक असायच्या. एरवी पोरंटोरं चकरा मारून जात. खरी धावपळ लग्नसराईत. हल्ली हळदीला नवरा नुसता चालत येत नाही. डीजे, धूर आणि धुरातून क्वाडवर बसून एंट्री. त्यात चाकं उचलली, तर गावभर नाव. नवऱ्यांचं बघून आता नवरीमुलीही हट्टाला पेटल्या होत्या. रंजिता महापेला नोकरी करायची आणि ऑफिसच्या आधी रोज सकाळी इथे धडपडायची.

“एवढी काय घाई हाय तुमाला?”

“हे जमलं नाही तर माझं लग्न होणार नाही.”

रूपेश हसला. “नवऱ्यानं पैज लावली वाटतं?”

“बाबांनी. म्हणाले, आधी सिद्ध करून दाखव, मग तारखेचं बघू.”

असा हौशी बाप आपल्याला का मिळाला नाही, असं रूपेशला वाटलं. त्याने पहिली क्वाड आणली, त्याच दिवशी बापाने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

“आनि नवरा काय करतो?”

“सध्या घरीच बसून असतो.”

“वर्क फ्रॉम होम! मज्जा हाय.”

तेवढ्यात तिचा फोन थरथरला. होणाऱ्या नवऱ्याचा, निशांतचाच मेसेज होता. ‘सोडून दे ना. मला भीती वाटते.’ तिने फोन खिशात कोंबला. भीती तिलाही वाटत होती. पण घरी बसून राहणं त्याहून अवघड होतं.

रूपेश गाडीजवळ उकिडवा बसला. “नीट बघा. गाडी थोडी उचलली तर गॅस सोडला की खाली येते. जास्त वर गेली, तर मंग नुसता गॅस सोडून काय होत नाय. हा उजवा पाय, हा मागचा ब्रेक. दाबला की तोंड खाली. तोच तुमचा देव.”

“आणि दाबूनही नाही आली तर?”

“येनारच. लोक दाबतच नाय, तिथं घोळ हाय.” त्याने हात झटकले. “मागं तुळशीच्या लग्नानंतर मोरा गावात हळद होती. नवरा पिऊन बसला आनि गाडी पाठीवर घेतली. दुसऱ्या दिवशीचं लग्न मोडलं. बोंब मातर आपल्या नावानं.”

“फार प्यायला होता?”

“हळदीत कोन पीत नाय, ताई?”

“आणि नवरी?”

“ती तिच्या घरी, तिच्या हळदीत. आपन तिला बगितलं पन नाय.”

रंजिताने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. मग तिने शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेल्या गाडीकडे बोट केलं. “माझ्या हळदीला ती लाल द्या ना. फोटोत उठून दिसेल.”

“ती नाय!” रूपेश पटकन म्हणाला. “तिला रंगाला काढलीय.”

लाल गाडी रंगाला काढावी असं काय झालं होतं, हे तिने विचारलं नाही. त्या आठवड्यात ती आणखी दोनदा पडली. कोपर सोललं, ऑफिसात लांब बाह्यांचे कुडते घालून गेली. पण चाकं उचलायची कुठे आणि सोडायची कुठे, हे अंगाला कळायला लागलं.

शनिवारी रूपेशने स्वतःच तिच्या हेल्मेटवर कॅमेरा बसवला. “आज रील करू. तुमच्यामुळं चार पोरी अजून येतील शिकायला.” कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला, तेवढ्यात त्याला कुठल्याशा हळदीवाल्यांचा फोन आला. बोलत बोलत तो शेडच्या मागे गेला.

चाव्या तो गाड्यांनाच लावून ठेवायचा. रंजिताने ताडपत्री ओढली. लाल गाडी दुसऱ्या खेपेला सुरू झाली.

आवाज ऐकून रूपेश धावत आला, तेव्हा ती रेघ ओलांडून सुसाट निघाली होती. तिने अंग मागे टाकलं. पुढची चाकं जमिनीवरून सुटली.

“गॅस सोड!” रूपेश फाटक्या आवाजात ओरडला. “वर नको नेऊ! ब्रेक नाय लागत तिला! सोड, सोड!”

चाकं वीतभरच वर होती. तिने अंगठा सोडला आणि गाडी अलगद टेकवली. रूपेशने येऊन आधी किल्ली काढून घेतली.

“मराची हाय काय तुला? मागचा ब्रेक पार गेलाय तिचा!”

“कधीपासून?”

“गनपतीपासून!” तो धापा टाकत म्हणाला. “एका सीजनमदी कुटं कुटं खर्च करनार मानूस?”

रंजिताने हेल्मेट काढलं, कॅमेऱ्याचं कार्ड काढून मुठीत घेतलं आणि फोन लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा पाय स्थिर होता.

“निशांत, त्या हळदीत तू ब्रेक दाबला होतास, लाल गाडीला ब्रेकच नव्हता. रडू नकोस, ऐक. सगळं रेकॉर्ड झालंय, बाबांना आजच दाखवते. आणि भटजींना सांगून ठेव, अंतरपाट जरा खाली धरा म्हणावं. नवरा व्हीलचेअरवर असेल.”