गावची रीत

अब्बा गेल्याचा चाळिसावा दिवस झाला आणि मकसूदने बहिणीला, झुबेदाला, चिमूरला बोलावून घेतलं. धानाच्या तीन एकरांवरचा हक्क सोडल्याचा कागद त्याने तयारच ठेवला होता.

"भाऊ, शरियतमध्ये पोरीले पोराच्या निम्मा वाटा हाय ना?" तिने चाचरत विचारलं.

"हाय. पन आपल्या गावात तशी रीत नाई. कोन्या बहिणीनं घेतला, सांग? तुले माहेर पाह्यजे का नाई?"

कागद दोनदा दूर सारून झुबेदाने शेवटी पेन उचललं.

चहा घेऊन आलेल्या भावजयीने तिचा हात धरला.

"आपा, थांबा. मागच्या साली माझ्या भावायले शरियत दाखवून माझा वाटा तुमच्या भावानंच आनला."