प्रेताचा श्वास

"जावईबापू, तुमचं प्रेत घोरतंय," सासरे म्हणाले.

पडद्यावर, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढलेलं एक प्रेत पडलं होतं. उशाशी कंदील. चादर छातीपाशी वर जात होती, खाली येत होती. अगदी सावकाश, गाढ झोपलेल्या माणसाची होते तशी.

"घोरत नाहीये, बाबा," दिग्दर्शक म्हणाला. "नुसता श्वास घेतंय."

"वा. मग काहीच प्रश्न नाही."

सासऱ्यांचा धंदा फरशांचा. 'मुका जिना' या भुताच्या सिनेमाचा पहिला भाग बरा चालला म्हणून जावयाच्या नादाने त्यांनी दुसऱ्या भागात हात घातला, आणि पोळला. पहिल्यात निदान जिना होता. दुसऱ्यात जिना परवडेना म्हणून शिडी लावली. भुताचं काम करणाऱ्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, त्यामुळे भूत दर वेळी आधी दाराची चौकट चाचपायचं आणि मगच आत यायचं. थिएटरवाल्यांनी सिनेमाला दारातही उभं केलं नाही. तो थेट डीव्हीडीवर आला. त्यातला हा एवढा तुकडा लोकांनी उचलला आणि एकमेकांना मोबाइलवर पाठवला. हसून हसून पुरेवाट झाली सगळ्यांची. घाबरलं कुणीच नाही.

आता डीव्हीडी कंपनी नवी आवृत्ती काढणार होती. अट एकच, प्रेत मेलेलं पाहिजे. तसं झालं तर तिसऱ्या भागाचा करार. नाहीतर जावयाने मुकाट्याने फरशीच्या दुकानात येऊन बसायचं. हे सासऱ्यांनी येतानाच गाडीत सांगून टाकलं होतं.

संकलकाची खोली शिंप्याच्या दुकानावर होती. खालून मशीनची घरघर येत होती. संकलक सासऱ्यांच्याच वयाचा, कमी बोलणारा. दोघं आल्यापासून त्याने पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"काका, एवढी ढळढळीत चूक तुमच्या नजरेतून सुटली कशी?" दिग्दर्शकाने विचारलं.

"सुटली नाही. दिसली होती."

"मग ठेवलीत कशाला?"

"शॉट चांगला होता."

सासरे खो खो हसले. "अख्ख्या सिनेमात चांगला शॉट एक, तोही चुकलेला!"

"दुसरा टेक लावा," दिग्दर्शक म्हणाला.

"नाही. एकच घेतला होता. तुम्ही जेवायला गेला होतात."

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने पडद्याकडे पाहिलं.

"मग प्रेतच काढून टाका."

"नायिका कोणाकडे बघून किंचाळणार?"

"भुताकडे."

"भूत पलीकडच्या खोलीत आहे. चौकट शोधतंय."

"बरं, चित्र गोठवा. एकच फ्रेम धरून ठेवा."

"कंदिलाची ज्योतही गोठेल."

"ज्योत वेगळी काढा आणि वर चिकटवा."

"कडा दिसतील."

"अहो काका, लोकांनी शिडी पचवली. कडांचं काय घेऊन बसलात!"

संकलकाने कीबोर्ड पुढे ओढला. मग कामाला लागला. ज्योत वेगळी केली, खाली चित्र गोठवलं, दोन्ही एकावर एक बसवलं. कडा दिसल्या नाहीत. हात तयार होता त्याचा. या असल्या सिनेमावर तो फुकट चालला होता, एवढंच.

त्याने शॉट चालवून दाखवला. ज्योत हलत होती. चादर हलत नव्हती.

"मेलं बुवा एकदाचं," सासरे म्हणाले.

दिग्दर्शकाचा जीव भांड्यात पडला. "आता मूळ शॉट उडवा. कुठेच ठेवू नका. उद्या चुकीची प्रत कंपनीकडे गेली तर मी संपलोच."

"माझ्याकडे राहू दे. चुकीची जाणार नाही."

"राहू दे कशाला? लोणचं घालायचंय?"

"कोणाला देणार नाही मी."

दिग्दर्शक एकदम सावध झाला. "अस्सं! म्हणजे तो तुकडा बाहेर सोडला तो तुम्हीच. मी म्हणतोच आहे, एवढा नेमका तुकडा कापून लोकांच्या हाती दिला कुणी. माझं हसं करून तुम्हाला काय मिळालं, काका?"

"मी नाही सोडला."

"मग उडवा ना! आत्ता, माझ्यासमोर!"

संकलक हलला नाही. तेव्हा दिग्दर्शकानेच पुढे वाकून माऊस हातात घेतला आणि शॉट निवडला. पडद्यावर प्रश्न आला, कायमचं काढून टाकायचं का? मागे कोपऱ्यात मूळ शॉट अजून चालूच होता. चादर वर गेली. खाली आली.

संकलकाने त्याचं मनगट धरलं.

"सोडा हात, काका."

"नाही."

सासऱ्यांना आता या तमाशाचा कंटाळा आला होता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याकडे बोट केलं. "भांडता काय रे पोरांसारखे? मुळात चादरीखाली होतं तरी कोण? दोन मिनिटं मेल्यासारखं पडून राहणं जमू नये माणसाला?"

संकलकाने दिग्दर्शकाचा हात माऊसवरून बाजूला केला.

"माझी बायको होती," तो म्हणाला. "नंतर जमलं तिला."