शिट्टीची किटली

"विजेच्या किटलीने बिल किती फुगतं, माहितीये? गॅसवरचं पाणी स्वस्त पडतं," मी लेकाला ऐकवलं. त्याने आणलेलं खोकं मी उघडूही दिलं नव्हतं. आज ही किटली घरात आली, की उद्या शेगडी जाणार आणि माझं स्वयंपाकघर नुसतं नावाला उरणार, हे मला कळत होतं.

"आई, बचतीचं राहू दे. परवा किटलीला शिट्टी लावायला विसरलीस आणि ती पार करपली. घर पेटलं असतं! आज ठेव पाणी. शिट्टी वाजली, तर हे खोकं मी परत नेतो."

पाणी ठेवून मी बाहेर येऊन बसले. लेक नातीच्या परीक्षेचं काहीतरी सांगत होता, पण माझे कान आत लागलेले. शिट्टी लावली ना मी? उठून बघावं, तर त्याची नजर माझ्यावरच. पेपर वाचत बसलेले हे तेवढ्यात "तहान लागली बुवा" म्हणत आत गेले.

थोड्या वेळाने शिट्टी वाजली. चांगली लांबलचक! मी गॅस बंद करायला धावले.

"जिंकलीस बाई! नेतो खोकं," लेक बाहेरून ओरडला.

किटलीची शिट्टी ओट्यावर कोरडी पडली होती.



शेगडीपाशी हे ओठांचा चंबू करून उभे होते. लग्नाआधी आमच्या खिडकीखाली वाजायची, तीच शिट्टी; कवळीमुळे सूर तेवढा जरा घसरला होता.