तुला हाक मारून

शाळेत वृत्तं शिकवण्यात ज्यांचं उभं आयुष्य गेलं, त्या मास्तरांची वाचा अर्धांगाच्या झटक्याने गेली. डॉक्टर म्हणाले, "रोज काहीतरी वाचून दाखवा. फार आशा मात्र ठेवू नका."

दुसऱ्या दिवसापासून त्यांची बायको सकाळी खाटेशी बसून त्यांच्याच कविता वाचू लागली.

आठवड्याभरात मुलाच्या लक्षात आलं, की आई चुकीचं वाचते आहे. पुस्तकात छापलं होतं, "तुला हाक मारून आवाज गेला." आई वाचत होती, "तुला हाक मारून शब्द गेला." अर्थाचं काही बिघडत नव्हतं, पण त्याला तिच्या डोळ्यांची काळजी वाटली. तो तिला चष्मेवाल्याकडे घेऊन गेला. नंबर तसूभरही हलला नव्हता.

"मग नीट का वाचत नाहीस?" त्याने परतताना विचारलं.

"तुला नाही कळायचं," आई म्हणाली. "तू पहिल्यापासून गद्य माणूस."

बाविसाव्या दिवशी तिने ती ओळ पुन्हा तशीच वाचली. मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले, जीभ दोनदा अडखळली आणि मग मोठ्या कष्टाने, पण स्पष्ट, शब्द आले.

"एक... अक्षर... खाल्लंस."

दारात उभा असलेला मुलगा धावत खाटेशी आला. आईने पुस्तकातून मान वर केली नाही. पदराने डोळे तेवढे टिपले, आणि म्हणाली,

"छे हो. कुठलं?"